हॉल ते दवाखाना, एकेरी मार्ग

माझी मागणी अगदी साधी होती. एक इंजिन, चार डबे, जमिनीवर मांडलेले लंबगोल रूळ आणि त्यावरून गाडीची एक फेरी. जास्त नाही, एकच. ती फेरी मारायला मला दहा आठवडे लागले. तेवढ्यात घराच्या भिंतीला भोक पडलं, सोसायटीची नोटीस आली, कचेरीत साहेबांनी मला आपुलकीने चार दिवस रजा घ्यायला सुचवलं आणि एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या विजारीत रेल्वे शिरली. पण ते पुढे.

खोकं शनिवारी दुपारी आलं. बायकोने त्यावरचं चित्र पाहिलं.

"कोणासाठी हो?"

"असंच."

"असंच म्हणजे? कोणाच्या मुलाचा वाढदिवस आहे का?"

"माझ्यासाठी आहे."

सत्तेचाळिसाव्या वर्षी नवरे याहून वाईट काहीतरी घरी आणतात, असा विचार तिने केला असावा, कारण "संध्याकाळच्या आत आवरा," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. माणसाला आगगाडीचं वेड का लागतं, हे ज्याला ते नाही त्याला सांगून कळत नाही, आणि ज्याला आहे तो विचारत नाही. मी पुलावर उभा राहून खालून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजणाऱ्यांपैकी आहे. मध्येच कोणी हाक मारली की मला परत पहिल्यापासून मोजता येत नाही याचं दुःख दिवसभर पुरतं.

तर मी हॉलमधलं टेबल सरकवलं, रूळ जोडले, तळहाताएवढं इंजिन त्यावर ठेवलं, वीज लावली आणि पेटीवरच्या गोल बटणावर दोन बोटं ठेवली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"ही गाडी जाणार कुठे?"

सासरे दारात उभे होते. ते स्टेशनमास्तर होते, छत्तीस वर्षं. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि आठही महिने ते आमच्या आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसून होते. वर्तमानपत्र हातात असायचं, पान उलटायचं नाही. जेवायला हाक मारली की यायचे, अर्धं जेवून परत खुर्चीत. एवढ्या दिवसांत ते आपणहून हॉलमध्ये आलेले मी पाहिले नव्हते.

"कुठे नाही, बाबा. गोल फिरते."

"म्हणजे निघते तिथेच परत येते?"

"हो."

"मग माणूस तिच्यात चढेल कशाला?"

ते खाली बसले, गुडघ्यांचा आवाज झाला, आणि त्यांनी रुळावरून बोट फिरवलं. मग स्वयंपाकघरातून एक लिंबू मागवून फरशीवर सोडलं. लिंबू घरंगळत सोफ्याखाली गेलं. "उतार आहे," ते म्हणाले, "आणि सांध्यात फट आहे. तपासणी होईपर्यंत मार्ग बंद." त्यांनी वीज काढली, इंजिन उचललं आणि आत घेऊन गेले.

मी स्वयंपाकघरात गेलो. माझा चेहरा बघूनच बायकोने हात पुसले आणि हळूच म्हणाली, "अहो, काही बोलू नका. आठ महिन्यांत पहिल्यांदा बाबांनी स्वतःहून काहीतरी मागितलं."

"लिंबू मागितलं."

"लिंबू तर लिंबू! तुम्ही गाडीला हात लावू नका. माझी शपथ आहे."

झालं. ज्या वस्तूसाठी मी वर्षभर कॅटलॉग चाळले होते, तिला हात न लावण्याची शपथ मला दीड तासात घालण्यात आली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला बाबांनी कागद उलगडला. गाडी हॉलमधून निघून आतल्या खोलीत जाईल, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं हे विचारायची सोय नव्हती. वाटेत भिंत होती. "बोगदा," बाबा म्हणाले. मी सोमवारी गवंड्याला बोलावलं. मी कचेरीत होतो, म्हणून त्याला फोनवरून समजावलं, की हॉलमधून आत जाताना डाव्या हाताची भिंत, जमिनीलगत, उशीएवढं भोक. वाक्यात कुठे दोष असेल तर दाखवावा. मी विमा कचेरीत दावे विभागात आहे. एका शब्दाच्या खोटीपायी मी लोकांचे दावे नाकारत आलो आहे. पण गवंडी आतून बाहेर तोंड करून उभा होता. त्याचा डावा हात माझा उजवा होता, आणि उजवी भिंत शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची होती.

मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा भोक तयार होतं आणि त्यातून एक डोळा माझ्याकडे बघत होता.

"या," डोळा म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो."

"डॉक्टर, मी अत्यंत दिलगीर..."

"हलू नका. बॅटरी आहे? जरा उजेड धरा." डॉक्टरांनी भोकात आरसा घातला, दातांच्या मागे बघायचा लांब दांड्याचा. "हं. विटेपर्यंत गेलंय. कडा ठिसूळ आहेत. नुसतं सिमेंट भरून चालणार नाही, वर्षभरात निघून येईल. त्यापेक्षा असंच राहू दे आणि आतून अस्तर घाला. पण पाडलंत कशाला?"

मी सांगितलं. डोळा हॉलमधल्या रुळांवरून फिरला. मग ते म्हणाले, "ही माझी बसायची खोली आहे. इथे रोज पंधरा माणसं गालावर हात धरून बसतात. घड्याळाकडे बघतात, माझ्या दाराकडे बघतात, आणि आतून कोणी ओरडलं की उठून पळून जातात. परवा दोघं गेले. इथून गाडी आली तर?"

भिंत बुजवायचा विषय तिथे संपला. बाबांनी कागदावर आतली खोली खोडली आणि तिथे 'दवाखाना' लिहिलं. त्यांना जागेचं काहीच वाटलं नाही. गाडी कुठेतरी जाणार होती आणि तिकडे खरोखरच वाट बघणारी माणसं होती, एवढं त्यांना पुरे होतं.

त्यानंतरचे आठवडे मी माझ्या घरात कसा राहिलो ते माझं मला माहीत. रूळ उखडून परत घातले गेले, खाली लाकडी फळ्या आल्या, आणि सोफ्यामागे मालधक्का म्हणून एक फाटा निघाला, गाडी तिकडे वळवायला रुळाचा सांधा आणि त्याचा दांडा बसला. दुपारी डॉक्टर रोगी सोडून यायचे आणि दात कोरायच्या यंत्राने फळीला बारीक भोकं पाडून द्यायचे. बाबा भिंग लावून बसायचे, दोन्ही वेळा पोटभर जेवायचे, वर बायकोला "मीठ कमी आहे" असं सांगायचे. मीठ कमी आहे म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. मी सतरा वर्षं मिठाबद्दल बोलतोय, माझ्या वाट्याला कधी असा प्रसंग आला नाही.

आणि मला गाडी चालवायला मिळत नव्हती. बोटांना चैन नव्हतं. दिसेल ते गोल बटण मी फिरवू लागलो. कचेरीतला पंखा मी दिवसातून तीसदा कमीजास्त करायचो. समोरच्या बाई स्वेटर घालायच्या, काढायच्या, घालायच्या. दाव्यांच्या कागदांवर मी लंबगोल काढले. एका बुधवारी तर अर्ध्या दिवसाची रजा टाकून, बाबा बँकेत गेल्याची वेळ साधून, चोरासारखा माझ्याच घरात शिरलो. रूळ होते, वीज होती. इंजिन कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं आणि त्यावर चिठ्ठी होती: 'शेड. परवानगीशिवाय प्रवेश नाही.' मी अर्धा तास सोफ्यावर बसून परत कचेरीत गेलो.

मग फाटक आलं. रूळ हॉलमधून भिंतीकडे जाताना न्हाणीघराच्या वाटेला आडवे जात होते. जिथे रस्ता रुळाला छेदतो तिथे फाटक हवं, यावर बाबा ठाम होते. बायकोच्या विणकामाच्या दोन लांब सुयांना लाल-पांढरा रंग लागला. रोज सकाळी नऊ वीसला फाटक पडायचं आणि नऊ चाळीसला उघडायचं. माझी आंघोळ बरोबर नऊ वीसची.

"बाबा, गाडी अजून सुरूच नाही. मग फाटक बंद कशाला?"

"माणसांना सवय व्हायला हवी."

"मी उडी मारून जाऊ शकतो. ते घोट्याएवढं आहे."

बाबांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "छत्तीस वर्षांत," ते सावकाश म्हणाले, "उडी मारून जाणारे मी बरेच पाहिले, जावईबापू. परत येताना नाही पाहिले."

मी पंचा खांद्यावर टाकून वीस मिनिटं उभा राहिलो. तिसऱ्यांदा उशीर झाल्यावर साहेबांनी बोलावलं.

"उशीर का झाला?"

मी आयुष्यात साहेबांशी खोटं बोललेलो नाही. "फाटक पडलं होतं, सर."

"तुम्ही तर कचेरीच्या मागच्याच गल्लीत राहता. तिथे कुठे आलंय फाटक?"

"घरात, सर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं, पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. रजेचं आपुलकीचं बोलणं झालं ते तेव्हाच.

सोसायटीची नोटीस पाचव्या आठवड्यात आली. 'सामायिक भिंतीस छिद्र पाडून दोन सदनिकांमध्ये विनापरवाना वाहतूक सुरू करण्याबाबत.' सेक्रेटरी म्हणजे भारदस्त गृहस्थ. त्यांची विजारही भारदस्त, एकेका पायात एकेक माणूस मावेल अशी. ते वही घेऊन पाहणीला आले तेव्हा बाबांनी त्यांना नोटिशीचं उत्तर दिलं. नोटीस अर्ध्या पानाची होती, उत्तर अकरा पानांचं. सेक्रेटरींनी चौथ्या पानापर्यंत वाचलं, घाम पुसला आणि विचारलं, "उद्घाटन कोणाच्या हस्ते आहे?"

"अजून ठरलं नाही," बाबा म्हणाले.

"मी रविवारी मोकळा असतो," सेक्रेटरी म्हणाले. छिद्राचा विषय पुढल्या सभेपर्यंत तहकूब झाला आणि ती सभा अजून व्हायची आहे.

तसा रविवार दहाव्या आठवड्यात आला. दहा पंधराची गाडी ठरली होती. नऊ वाजता बाबांनी नेमणुकांचा कागद शीतकपाटावर लावला. मी सकाळी दाढीसुद्धा नीट केली होती, कारण चालक म्हणजे काही झालं तरी चालक. कागद वाचला. चालक: डॉक्टर. फाटकवाला: जावईबापू.

"डॉक्टर?" मी म्हणालो. "बाबा, गाडी माझी आहे!"

"डॉक्टरांचा हात स्थिर आहे. तुमचा हलतो. परवा चहा सांडलात."

चहा मी बोटांना चैन नव्हतं म्हणून सांडला होता, आणि चैन नव्हतं ते कोणामुळे? पण दारातून बायको माझ्याकडे बघत होती. "फाटक तर फाटक," ती डोळ्यांनी म्हणाली. मी सुयांपाशी जाऊन बसलो. सत्तेचाळिसाव्या वर्षी, इस्त्रीचा शर्ट घालून, जमिनीवर.

बाबांनी पेटीतून जुना गणवेशाचा कोट काढला होता. तो आता सैल झाला होता, पण गुंड्या चकचकीत होत्या. सेक्रेटरींनी फीत कापली आणि सोफ्याच्या टोकाला, दोन पाय फाकून, भाषणाला उभे राहिले. दळणवळणाचं महत्त्व सांगून झालं, मग शेजारधर्माचं. भोकापलीकडे डॉक्टरांचे तीन रोगी रविवार असूनही येऊन बसले होते, त्यातल्या एकाने "सोडा की आता!" असं सुजलेल्या आवाजात म्हटलेलं स्पष्ट ऐकू आलं. बाबांच्या हातात हिरवा झेंडा होता. त्यांनी शिट्टी वाजवली, झेंडा उचलला. डॉक्टरांनी बटण फिरवलं.

गाडी निघाली. काय सांगू! ती निघाली तेव्हा मी फाटकवाला आहे हे विसरलो. इंजिनाचा पुढचा दिवा लागला होता, डबे एकामागून एक वळण घेत होते. मी मोजले. एक, दोन, तीन. चौथ्याला ती माझ्या फाटकाकडे न येता सोफ्यामागे वळली.

मालधक्का सेक्रेटरींच्या पायांपाशी संपत होता. डॉक्टरांचा हात इतका स्थिर होता की त्यांनी बटण मागे फिरवलंच नाही. इंजिन रूळ संपल्यावर उडालं आणि विजारीच्या उजव्या पायात शिरलं. भाषणभर वीज लागून राहिल्याने ते चांगलं तापलं होतं. सेक्रेटरी 'सहजीवन' हा शब्द म्हणत होते. त्यातला 'सह' झाला आणि 'जीवन'च्या जागी जो आवाज निघाला तो चौथ्या मजल्यावर ऐकू गेला. ते एका पायावर नाचले, चहाच्या ट्रेवर गेले, ट्रे माझ्यावर आला, मी फाटकावर पडलो आणि एक सुई मोडली. पलीकडचे तीन रोगी आपापलं दुखणं विसरून भोकाशी गर्दी करून हसत होते. सेक्रेटरींना खुर्ची दिली, बायकोने त्यांना मलम दिलं, आणि कौतुकाची गोष्ट म्हणजे शेवटी तेही हसू लागले.

बाबा हसत नव्हते. ते सांध्याच्या दांड्यापाशी उभे होते. दांडा मालधक्क्याच्या बाजूला पडलेला होता.

"सांधा कोणी लावला होता?"

मी चहाने भिजलो होतो. का कोण जाणे, मी म्हणालो, "मी, बाबा."

"तुम्ही फाटकावर होतात," ते हळू आवाजात म्हणाले. "सांधा माझ्याकडे होता."

त्यांनी कोट काढून घडी केला. दुपारी ते जेवले नाहीत. चार वाजता माझ्या हातात एक कागद आणि कपाटाची किल्ली दिली. कागदावर सुबक अक्षरात चौकशीचा निष्कर्ष होता: दोष स्टेशनमास्तरांचा, भाषणाकडे लक्ष गेल्याने सांधा पाहिला नाही, वय झाले आहे, कार्यभार जावयाकडे देण्यात येत आहे. खाली सही.

"बाबा, खेळण्यातली गाडी आहे हो."

"छत्तीस वर्षांत सांधा एकदाही चुकला नव्हता," ते म्हणाले आणि जाऊन खिडकीपाशी खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर मी ती फेरी मारली. स्वतः, एकट्याने. गाडी हॉलमधून निघाली, भोकातून दवाखान्यात गेली, तिथून टाळ्या ऐकू आल्या, आणि ती उलट चालत परत आली. मी आणखी एकदा सोडली. आणखी एकदा. अकराव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की मी गाडीकडे बघतच नाहीये, आतल्या दाराकडे बघतोय. खुर्ची हलत नव्हती. रात्री बायको मला काहीच बोलली नाही, आणि ती बोलत नसली की घर फार मोठं वाटतं. तिने बाबांच्या ताटात वाढलेलं अर्धं तसंच परत आलं. माझी अवस्था अशी झाली, की गाडी मिळेपर्यंत बोटांना चैन नव्हतं आणि मिळाल्यावर उरलेल्या अंगाला. मी बसायचो, उठायचो, बाबांच्या खोलीत जाऊन पंख्याचं बटण फिरवून यायचो. "रूळ जरा सैल वाटतोय, येऊन बघता का?" असं दोनदा विचारून पाहिलं.

"आता ते तुमच्याकडे आहे," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणायचे.

गुरुवारी संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे गाडी सोडली. ती भोकात शिरली आणि आतून कडाड् असा आवाज आला. मी पालथा पडून आत पाहिलं. भोकात दोन इंजिनं नाकाला नाक लावून अडकली होती, आणि पलीकडे एक ओळखीचा डोळा होता.

"हे काय, डॉक्टर?"

"मीही आणली एक," डोळा शरमून म्हणाला. "म्हटलं तुम्हाला चकित करावं. रोगी म्हणाले, तिकडून येते तशी इकडूनही जाऊ दे."

"अहो, पण रूळ एकच आहे!"

"मग तुम्ही मागे घ्या."

"मी का? माझी गाडी आधी आत आली."

"भोक माझ्या भिंतीत आहे."

"भिंत सामायिक आहे, नोटीस वाचा!"

"ओढू नका, डबा तुटेल! ढकला!"

"तुम्ही ढकलू नका म्हणजे झालं!"

दोन सुशिक्षित माणसं भिंतीच्या दोन बाजूंना पोटावर पडून अशी भांडत असताना माझ्या कानाजवळ दोन पावलं येऊन थांबली. मी मान वर केली. बाबा होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. असा लाल चेहरा मी त्यांच्या निवृत्तीनंतर पाहिला नव्हता.

"दोघंही हात बाहेर काढा!"

आम्ही काढले. भोकातला डोळासुद्धा मागे सरकला.

"पलीकडच्या स्टेशनला विचारल्याशिवाय गाडी सोडली कोणी?"

"मी," मी म्हणालो.

"मीपण," भिंत म्हणाली.

"एकेरी मार्गावर? समोरासमोर? चार दिवस! मी फक्त चार दिवस नव्हतो!" त्यांनी डॉक्टरांकडून लांब चिमटा मागवला, खाली बसले आणि एकेक डबा असा बाहेर काढला, की डॉक्टरांनी पुढे महिनाभर त्या हाताचं कौतुक केलं. मग उठून त्यांनी माझ्यापुढे हात पसरला. मी किल्ली दिली.

"दोघंही निलंबित. चौकशी होईपर्यंत."

"चौकशी किती दिवस चालेल हो, बाबा?" बायकोने दारातून विचारलं.

"चौकशी आहे ती. घाई करून चालत नाही." ते हात धुवायला गेले आणि तिथूनच ओरडले, "वाढलंय का? आणि मीठ बघून घाल!"

चौकशी तीन आठवडे चालली. निकाल असा लागला, की दोघांनाही लेखी परीक्षा द्यावी लागेल. रविवारी डॉक्टर आणि मी जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसलो. बाबा मधून फेऱ्या मारत होते. डॉक्टर पास झाले. त्यांना परीक्षांची सवय असते. मी तीन गुणांनी गेलो. 'गाडी सुटण्यापूर्वी चालकाने काय करावे?' हा दहा गुणांचा प्रश्न होता. मी लिहिलं होतं, 'बटण फिरवावे.' बाबांनी त्यावर लाल शाईने मोठी काट मारून समासात लिहिलं आहे: 'आधी वाट बघावी.'

फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. बायको स्वयंपाक करता करता माझा अभ्यास घेते, आणि मी चुकलो की आतल्या खोलीतून बाबा आणि भिंतीतून डॉक्टर, दोघंही एकदमच बरोबर उत्तर सांगतात.